अकरा मात्रांचा मास्तर

मास्तर,

हयात होतास तोवर तुला ‘तुमी’ म्हणत आलो. सात वर्षं. तू मात्र पहिल्या दिवसापासून ‘अरे किसन’वर आलास, आणि आपल्या वयातलं अंतर किती, तर दीड वर्षाचं. तू शाळेत चित्रकलेचा मास्तर, मी पोस्टमन. तू उंबऱ्याच्या आत, मी बाहेर टपालाची पिशवी घेऊन. तेव्हा ते रीतीला धरूनच वाटलं. आता तुला जाऊन बारा दिवस झाले. मेलेल्या माणसाला अहो-जाहो करायला मी काही तुझा हेडमास्तर नाही. आता तुला ‘तू’च म्हणणार. राग आला तर उठून ये.

काल शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तिथं जे जे बोललं गेलं ते ऐकून तू नक्की रडला असतास. स्वतःचं कौतुक ऐकताना तुझे डोळे नेहमीच भरून यायचे. ‘निसर्गाशी एकरूप झालेला कलावंत’ असं कुणीसं म्हणालं. मी मागच्या रांगेत बसून हसू दाबलं. निसर्गाशी एकरूप! वाशीमजवळच्या या मालेगावात जन्म काढून तू डांबरी रस्ता सोडून कधी शंभर पावलं वावरात गेला नाहीस. काटेपूर्णा नदीवर तू अर्ध्या तासाची रचना बसवलीस, आणि ती नदी पाहिली होतीस एसटीच्या खिडकीतून, पुलावरून जाताना. तेही झोप लागली नसेल तर.

‘मालेगावात संतूर आणणारा पहिला माणूस’ असंही म्हणाले. हे मात्र खोटं नाही. दुसरा अजून कुणी आणलेला नाही.

आणलंस म्हणजे काय, ठोकून काढलंस. रेडिओवर ऐकलंस, कुठल्याशा मासिकात फोटो पाहिलास, आणि घराच्या खिडकीची सागवानी चौकट काढून सुताराच्या पुढ्यात टाकलीस. त्या खिडकीला पुढं दोन वर्षं पोत्याचा पडदा होता आणि सुमनवहिनी, तुझी बायको, त्यातून येणारी धूळ झाडत राहिली. तारा नागपूरहून आणल्यास, खुंट्या लोहाराकडून करून घेतल्यास. एकदा कार्यक्रमासाठी रिठदला निघालो तेव्हा ते धूड पाहून कंडक्टरनं विचारलं होतं, ‘मास्तर, शेवयाचा पाट घेऊन कुठी चालले?’ तू आख्खा प्रवासभर त्याच्याशी बोलला नाहीस. मला मात्र ते पटलं. खरंच शेवयाचा पाट दिसायचा तो, वर तारांच्या शेवया वाळत घातलेल्या.

ते वाद्य पहिल्यांदा ऐकलं तो दिवस बहात्तरच्या दुष्काळातला. मी रजिस्टर पत्र घेऊन सहीसाठी तुझ्या दारात उभा. तू सही करायचं सोडून दोन लाकडी काड्यांनी तारांवर ठोकत राहिलास. कुणाला तरी ताटकळत ठेवल्याशिवाय तुला मोठं झाल्यासारखं वाटायचं नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला घाई झाली नाही. माझे बाबा तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. शंभर माणसं, शंभर हातोड्या, आणि लांबून ऐकलं तर सगळ्यांचा मिळून एकच नाद. तुझ्या तारांवर काड्या पडल्या आणि मला तो नाद ऐकू आला, फक्त त्यात घाम नव्हता. तू मान वर करून विचारलंस, ‘काय रे, आवडलं?’ मी म्हटलं, ‘मास्तर, मी बासरी वाजवतो.’ हे त्याआधी मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

‘मग उद्या घेऊन ये,’ म्हणालास, आणि सही केलीस. चुकीच्या रकान्यात.

तुझं संतूर पावसाळ्यात चढायचं आणि उन्हाळ्यात उतरायचं. दमट हवेत लाकूड फुगायचं, उन्हानं आखडायचं. खऱ्या वाजवणाऱ्यानं रोज तासभर बसून एकेक तार जुळवली असती. तुला तेवढा दम कुठला? शिवाय खुंटी पिळली की तार तुटायची आणि तार तुटली की तुझी शुद्ध भाषा सुटायची. वर्गात ‘मुलांनो, निरीक्षण करा’ म्हणणारा तू ‘अबे, गेली ना बे!’ म्हणून बोंब ठोकायचास. मग तूच तोडगा काढलास. तारा फक्त आपसात जुळलेल्या ठेवायच्या, आणि त्या सगळ्या मिळून ज्या ऋतूत जिथं बसतील तिथं किसननं यायचं. ‘बांबूला काय तोटा आहे?’ म्हणालास.

तर मी तीन बासऱ्या केल्या. चुलीशी बसून, तापलेल्या सळईनं भोकं पाडून. उन्हाळी सगळ्यात लांब, पावसाळी सगळ्यात आखूड, आणि मधली हिवाळ्याची. भाजली ती माझी बोटं. लोक बासरीवरून तारा जुळवतात. आपल्याकडे एका माणसाच्या आळसापायी तीन बासऱ्या झाल्या. पण हेही खरं, की बासरी करायला मी त्यातूनच शिकलो. तू बरा वाजवणारा असतास तर मी जन्मभर यात्रेत घेतलेल्या एकाच बासरीवर राहिलो असतो.

नवी रचना बसवायची म्हटलं की तू आधी पडदा रंगवायला घ्यायचास. खराखुरा, मांजरपाटाचा. त्यावर धबधबा, हरणं आणि मधोमध मोर. आपल्या भागात तसा धबधबा कुठं आहे ते मला आजवर कळलेलं नाही, आणि मी रोज दहा मैल पायी टपाल वाटतो.

‘इथं मोर हवा, किसन. बासरीत मोर काढ.’

‘मास्तर, मोर वरडते कसा, आयकलं का तुमी?’

‘अर्थात.’

‘मांजरीच्या शेपटावर पाय देल्यावानी वरडते. काढू?’

तू नाक मुरडलंस. तुला मोर दिसायला हवा होता, ऐकायला नको होता. मी म्हटलं, टिटवी काढतो. आमच्या गावच्या वाटेवर मुरमाड माळ आहे, तिथं टिटवीनं अंडी घातली की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत सुटते, सरकारी माणसालाही सोडत नाही. तिच्या त्या दोन-तीन सुरांत सगळा माळ उभा राहतो. तू म्हणालास, टिटवी अशुभ असते, हेडमास्तरांना चालणार नाही. तुझा निसर्गसुद्धा हेडमास्तरांची परवानगी घेऊन यायचा.

आणि मग तुझा इतिहास. ‘वत्सगुल्म’ नावाची ती मोठी रचना. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, तिथं वाकाटक राजांची राजधानी होती, हे तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की वाटायचं, तू दरबारात नोकरीला होतास. पहिला भाग निसर्ग, दुसरा भाग इतिहास. निसर्गात बासरी पुढं, इतिहासात संतूर पुढं. मी आधी ऐकून घेतलं. मग एके दिवशी लक्षात आलं की दुसऱ्या भागात मला कामच नाही. राजाची स्वारी तुझ्या काड्यांवर, लढाई तुझ्या काड्यांवर, राज्याभिषेक तुझ्या काड्यांवर. मी अगदी शेवटी एकदा येणार, पहाट झाली म्हणून, चिमणी होऊन.

‘मास्तर, इतिहासात आमी कुठी हाओ?’

‘अरे, तू निसर्गात आहेस ना!’

हे तू सहज म्हणालास. मनात काही वाईट नव्हतं तुझ्या, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. राजे स्वतःकडे ठेवून पाखरं माझ्या पदरात टाकलीस. वर स्टेजवर माझी ओळख करून द्यायचास ‘आमचा कान्हा’ म्हणून. छप्पनच्या आधी जन्मलो म्हणून माझं नाव किसन राहिलं. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देवाची तसबीर नाही. हे मी तुला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू ‘बरोबर, बरोबर’ म्हणालास आणि चौथ्यांदा पुन्हा कान्हा.

तेव्हा मी तुला आमचा इतिहास सांगितला. तुला एकट्यालाच सांगितला होता, मास्तर, एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

माझे बाबा डफडं वाजवायचे. गावात लग्न असो, मयत असो, पोळा असो, त्यांच्या डफड्याशिवाय पान हलायचं नाही. ती हौस नव्हती, आमच्या वाट्याला आलेलं काम होतं. त्याच्या बदल्यात खळ्यावरचं धान्य मिळायचं, आणि वाजवताना उभं राहायचं ते सगळ्यांपासून लांब. छप्पन साली दीक्षा घेतली आणि बाबांनी ठरवलं, आता गावासाठी वाजवायचं नाही. कुणाशी भांडले नाहीत, कुणाला सांगायलाही गेले नाहीत. पुढच्या वर्षी पोळा आला. गावाचे बैल शिंगं रंगवून, झुली घालून तोरणाखाली ओळीनं उभे राहिले. रीत अशी, की डफडं कडाडलं की तोरण तुटतं आणि बैल सुटतात. पाटील उभे, लोक उभे, बैल उभे. डफडं वाजेना. बाबा आमच्या दाराशी मांडीवर हात ठेवून बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी. सगळं गाव तिथं असून आवाज म्हणून नव्हता. एखादा बैल मान हलवायचा तेव्हा गळ्यातले घुंगरू तेवढे वाजायचे. बाबांचं डफडं केवढं मोठं होतं ते मला त्या दिवशी कळलं, ते वाजत नव्हतं तेव्हा. शेवटी कुणीतरी पत्र्याचा डबा बडवला आणि बैल सुटले. त्या साली खळ्यावरचं धान्य आम्हाला मिळालं नाही. बाबांनी डफडं चुलीत घातलं.

म्हणून मी बासरी वाजवतो हे बाबांना खपायचं नाही. म्हणायचे, ‘आपन वाजवनं सोडलं. सोडाले काय लागलं ते तुले मालूम नाही. अन् तू काहून वाजवून राह्यला?’ मी घरात बासरीला ओठ लावला नाही. ती वाजली ती माळावर आणि तुझ्या बैठकीत.

हे सगळं सांगून मी तुला म्हटलं, ‘मास्तर, दुसऱ्या भागात पोयाचा ठेका घ्या. मी सांगतो कसा ते. अन् मंग दोघंबी गप बसू. बत्तीस मात्रा. काईच नाही वाजवाचं.’

‘काहीच नाही?’

‘काईच नाही. वाजवनं बंद केलं तोच आमचा इतिहास हाय.’

तू हसलास. ‘अरे, शांतता काय, घरी बसूनही ऐकता येते. त्यासाठी लोक सतरंजीवर येऊन कशाला बसतील?’

दोन महिने भांडलो आपण त्यावरून. तू म्हणालास, रचना बेसूर होईल. मी म्हटलं, ‘तुमच्या वाद्यात तेवढंच सुरात असन.’ तू आठ दिवस बोलला नाहीस. नवव्या दिवशी मी टपाल घेऊन आलो तर तू पुढ्यात संतूर घेऊन बसलेला, आणि वर न बघता म्हणालास, ‘ठेका कसा होता म्हणालास?’ मी टपालाच्या पिशवीवर हातानं वाजवून दाखवला. तू तो खालच्या जाड तारांवर घेतलास आणि माझ्या अंगावर काटा आला. बाबांचा हात तसाच पडायचा, आधी दाबून आणि मग मोकळा. तुला कुणी सांगितलं होतं तसं? चार-चार वर्षं तुला राजाची स्वारी धड जमली नाही, आणि हे एका बैठकीत जमलं. त्या दिवशी तू मोठा वाजवणारा होतास, मास्तर. मी त्यानंतर तुला तसं वाजवताना ऐकलं नाही, पण त्या दिवशी होतास.

आणखी एक गोष्ट कबूल करून टाकतो. तुझ्या समोरच्या घरातल्यांनी तुला सुचवलं होतं, की दार लोटून घेत जा, बैठकीत पोस्टमन मांडी घालून बसलेला रस्त्यावरून दिसतो. सुमनवहिनींनीच मला ते सांगितलं, चहा देताना, घरातल्याच कपातून. तू दार लोटलं नाहीस. उलट दुसरी फळीही उघडलीस. काल सभेत हे कुणाला ठाऊक असतं तर तुझ्या थोर मनाचे गोडवे गायले असते. मला खरं कारण ठाऊक आहे. दार लोटलं असतं तर रस्त्यावरच्यांना तुझं संतूर ऐकू गेलं नसतं. कौतुकाला इतका हपापलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण सात वर्षं ते दार उघडं राहिलं आणि त्यातली साडेपाच मी त्यातून आत-बाहेर करत राहिलो. थोर मनाच्या लोकांची दारं मी टपाल वाटताना रोज पाहतो.

मग तो शाळेतला कार्यक्रम. थंडीचे दिवस, माझ्या हातात मधली बासरी, मागं तुझा मोर. निसर्गाचा भाग झाला. मी त्यात टिटवी घुसडलीच आणि तू डोळे वटारलेस. इतिहास सुरू झाला, राजाची स्वारी नेहमीसारखी अडखळत आली आणि गेली. मग तू पोळ्याचा ठेका घेतलास. चांगला घेतलास. आणि ठरल्याप्रमाणे थांबलास. मी मोजायला लागलो. पाच, सहा, सात. हॉल गप्प झाला होता. खरोखर गप्प, पोळ्याच्या दिवशी होता तसा. नऊ, दहा. अकराव्या मात्रेला पुढच्या रांगेत हेडमास्तर खोकले. कुणाची तरी खुर्ची सरकली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली, थांब म्हणून. आणि बाराव्या मात्रेला तुझ्या काड्या तारांवर धावत सुटल्या, वरून खाली, खालून वर, मिळेल त्या तारेवर. टाळ्यांचा कडकडाट झाला.

‘काय जागा घेतली मास्तर!’ हेडमास्तर नंतर म्हणाले. तू हात जोडून वाकलास.

मी बासरी पिशवीत घातली. तू माझ्यामागं पायऱ्यांपर्यंत आलास. ‘किसन, लोक उठून गेले असते रे.’

‘जाऊ देयाचे होते.’

पोळ्याला डबा बडवणारा तो माणूस कोण होता हे मला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना वाटलं, तो तूच. नाव वेगळं, गाव वेगळं, पण तूच. शांतता सहन न होणारा, पाटलाचा खोळंबा नको म्हणून हाताला लागेल ते बडवणारा. त्यानंतर दीड वर्ष तुझं टपाल मी उंबऱ्यावर टाकून पुढं जायचो. दार उघडंच असायचं. तू आत असायचास हे मला दिसायचं, आणि मला दिसतं हे तुला दिसायचं.

गेल्या दिवाळीनंतर तू पोस्टात आलास. तिकिटबाबू रजेवर होते म्हणून मी खिडकीत बसलो होतो. तू पोस्टकार्ड मागितलंस, मी दिलं. तू हललाच नाहीस. म्हणालास, ‘किसन, ती बारावी मात्रा...’ मी तुझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि म्हटलं, ‘पुढचा.’ मागं एक म्हातारी होती, मनीऑर्डर आली का विचारायला आलेली. तिला कसली घाई नव्हती. ती म्हणालीसुद्धा, ‘बोलू दे ना बापा त्याले.’ मी पुन्हा म्हटलं, ‘पुढचा.’ तू पोस्टकार्ड खिशात घातलंस आणि गेलास. ते कार्ड आमच्या पेटीत पडलं नाही. मी महिनाभर रोज पाहत होतो.

तो माझा तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. त्याची मला लाज वाटते, मास्तर. तू माफी मागणार होतास असं काही मी समजत नाही. माफी मागणं तुझ्या रक्तात नव्हतं, तू बाजूच मांडली असतीस, हात हलवून हलवून. पण ती ऐकून घ्यायला माझ्या बापाचं काय गेलं असतं? पुढं तुला कावीळ झाली, अकोल्याला नेलं, हे मला टपालातल्याच एका कार्डावरून कळलं. मी जायचं ठरवत राहिलो आणि तू थांबला नाहीस. थांबणं तुला कधीच जमलं नाही.

परवा सुमनवहिनी पोस्टात आल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, हेडमास्तर नुसते भाषणं ठेवून राह्यले. तुमी वाजवा. नाही तं त्याईचं संतूर टेबलावर शोभेले राहीन.’ मी उन्हाळी बासरी शोधून काढली. दीड वर्ष हात लावला नव्हता, तिला कोळिष्टकं लागलेली. काल सभेच्या आधी तुझ्या तारांवर काडी टेकवून पाहिली, तर तुझं संतूर उतरून उतरून इतकं खाली गेलेलं, की उन्हाळी बासरीही वर राहिली. चौथी करायला लागली असती. ती आता मी कुणासाठी करू?

भाषणं झाली. मग सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. दोन मिनिटं म्हणे! मी सवयीनं मोजत होतो. सव्विसाव्या मात्रेला हेडमास्तर म्हणाले, ‘बसा.’ बत्तीससुद्धा झाल्या नव्हत्या. तुला शोभेसा हेडमास्तर मिळाला होता.

मग मी स्टेजवर गेलो. कान्हा म्हणून कुणी ओळख करून दिली नाही, तेवढं चुकल्यासारखं वाटलं. आधी टिटवी वाजवली, तुला अशुभ वाटायची ती, आता तुझं काय वाईट व्हायचं राहिलंय? मग बासरी खाली ठेवली, तारांवरचा हार उचलून बाजूला केला, आणि संतुरापुढं बसून तुझ्या काड्या हातात घेतल्या. त्या इतक्या हलक्या असतील असं वाटलं नव्हतं. खालच्या जाड तारांवर पोळ्याचा ठेका वाजवला. तारा बेसूर होत्या पण ठेक्याला सूर लागत नाही. आणि मी थांबलो.

अकराव्या मात्रेला हेडमास्तर खोकले. त्यांचा खोकला तालाला पक्का आहे हे मानलं पाहिजे.

आणि बाराव्या मात्रेला माझा हात उचलला गेला. मी उचलला नव्हता, मास्तर, तो आपोआप उचलला गेला. समोर दीडशे माणसं आपल्याकडे पाहत असतात, आपल्या हातात काड्या असतात, आणि आपण त्यांना काही देत नसतो. एवढ्या वर्षांत मी समोर लोक असताना नुसता थांबून कधी पाहिलंच नव्हतं. तू थांबायचं आणि मी मोजायचं असं आपलं ठरलं होतं. खिडकीत तू मला हेच सांगायला आला होतास का? मला वाटत होतं, ती भीती एकट्या तुझ्यात आहे.

काडी तारेपासून बोटभर राहिली असेल, तेव्हा मला मागच्या दारात बाबा दिसले. ते येणार हे मला ठाऊक नव्हतं. चौकटीला टेकून उभे होते, डोक्याचा रुमाल हातात घेऊन. मी हात मागं घेतला. वीस. पंचवीस. सव्वीस ओलांडली. सुमनवहिनी माझ्याकडेच पाहत होत्या. बत्तीस झाल्या तेव्हा मी काड्या संतुरावर ठेवल्या, बासरी उचलली आणि खाली उतरलो. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना, म्हणून कुणी वाजवल्या नाहीत.

बाबा बाहेर लिंबाखाली थांबले होते. चार मैल चालत आले होते, भर उन्हात.

‘बाबा, तुमी कायले आले एवढ्या उन्हात?’

‘त्या मास्तरनं तुले घरात बसवलं होतं ना. म्हनून आलो.’

आम्ही चालायला लागलो. बाजार ओलांडला, शेवटची घरं मागं पडली. मला वाटलं, आता बाबा ओरडतील. माळ लागला तेव्हा म्हणाले, ‘माही चाल वाजवली तू.’

‘हाव.’

‘अन् मंग थांबला.’

‘हाव, बाबा.’

ते आणखी थोडं चालले. मग म्हणाले, ‘लवकर उठला. त्या पोयाले याच्याहून लय जास्त येळ होता.’

ऐकलंस, मास्तर? बत्तीससाठी दोन महिने तुझ्याशी भांडलो, दीड वर्ष तुझ्याशी अबोला धरला, आणि त्या बत्तीसही कमीच होत्या. तू अकरावर भ्यायलास म्हणून मी तुला भित्रा म्हणत आलो. जास्त मागायची हिंमत मला तरी कुठं होती?